पाहणाऱ्यांचे विमान, वाट पाहणाऱ्यांचे विमान

२४ ऑक्टोबर २००३ हा शुक्रवार होता. लंडनच्या हीथ्रो विमानतळाभोवतीचे रस्ते, पुलांचे कठडे, मोटारींच्या तळाच्या गच्च्या दुपारपासूनच माणसांनी भरून गेल्या होत्या. चारच्या सुमारास तीन कॉन्कॉर्ड विमाने एकामागून एक उतरली. एक एडिंबरोहून आले, दुसरे बिस्केच्या उपसागरावर फेरी मारून आले आणि तिसरे न्यूयॉर्कहून शंभर प्रवासी घेऊन आले. ब्रिटिश एअरवेजची कॉन्कॉर्ड सेवा त्या संध्याकाळी संपली. एअर फ्रान्सने आपली सेवा ३१ मे रोजीच थांबवली होती. कुंपणापाशी उभ्या असलेल्यांपैकी अनेकांचे डोळे भरून आले होते आणि त्यांतले बहुतेक जण त्या विमानात एकदाही बसलेले नव्हते. परतीच्या तिकिटाला काही हजार पौंड मोजण्याची ऐपत त्यांच्यात नव्हतीच.

२२ एप्रिल २०२४ या दिवशी मुंबईनेही एका विमानाला निरोप दिला. एअर इंडियाचे ‘आग्रा’ नावाचे बोइंग ७४७, म्हणजे आपले जंबो जेट, सकाळी सांताक्रूझच्या धावपट्टीवरून अमेरिकेतील खरेदीदाराकडे जाण्यासाठी उडाले. उडाल्यावर वैमानिकांनी पंख एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलते केले. विमानाच्या भाषेत हा निरोपाचा नमस्कार. आत एकही तिकीटधारी प्रवासी नव्हता. ती काही सेकंदांची चित्रफीत मात्र दिवस मावळायच्या आत मोबाइलवरून गावोगाव पोहोचली. आमच्या राहात्यातही ती फिरली आणि ज्यांनी ती पुढे पाठवली त्यांच्यापैकी कित्येकांनी खाली एखाद्या प्रवासाची, एखाद्या माणसाची आठवण लिहिली होती.

यंत्र निवृत्त होताना माणसे हळहळतात, याचे हे दोन दाखले. वरवर सारखे दिसतात, पण त्या दोन गर्दींच्या मनात वेगवेगळे काही होते असे मला वाटते. या दोन विमानांचे चरित्र शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर तो फरक कळतो. आणखी एक गोष्ट त्यातून पुढे येते. कॉन्कॉर्ड हे आपल्यासाठी अगदीच परके विमान नव्हते. एके काळी दोन कॉन्कॉर्डवर मुंबईचे नाव लागले होते.

नावडती ते आवडती

कॉन्कॉर्ड स्वनातीत होते, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने जाणारे. आवाजाच्या दुपटीहून थोडा अधिक, ताशी सुमारे २,१८० किलोमीटर हा त्याचा वेग आणि ६० हजार फूट ही त्याची उंची. इतक्या वेगात हवेच्या घर्षणाने आणि दाबाने नाकाचे टोक १२० अंशांच्या वर तापे आणि सगळे विमान १५ ते २५ सेंटिमीटर लांब होई. त्यामुळे चालककक्षात अभियंत्याच्या पटलाशेजारी एक फट पडायची आणि वेग उतरला की मिटायची. शेवटच्या उड्डाणांत काही अभियंत्यांनी आपली टोपी त्या फटीत सरकवून ठेवली. विमान थंड झाले आणि टोपी कायमची तिथे अडकली. ते विमान पुन्हा कधी तापणार नाही, हे सांगण्याची ही त्यांची रीत.

या प्रेमाची सुरुवात मात्र विरोधाने झाली होती. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी २९ नोव्हेंबर १९६२ रोजी करार करून हे विमान एकत्र बांधायचे ठरवले. खर्च सुरुवातीच्या अंदाजाच्या कैक पटींनी वाढत शंभर कोटी पौंडांच्या पलीकडे गेला. तो करदात्यांच्या खिशातून गेला. नावातल्या एका अक्षरावरूनही भांडण झाले. फ्रेंच पद्धतीने शेवटी ‘ई’ लावायचा की इंग्रजी पद्धतीने सोडून द्यायचा, यावर दोन सरकारे अडून बसली. अखेर १९६७ मध्ये मंत्री टोनी बेन यांनी तो ‘ई’ परत दिला. इंग्लंडमध्ये रिचर्ड विग्ज यांनी कॉन्कॉर्डविरोधी चळवळच उभी केली. आवाजाची मर्यादा ओलांडताना जमिनीवर जो धमाका ऐकू येतो त्याने घरांच्या काचा तडकतील, गुरे बिथरतील, अशी भीती होती. अमेरिकेने १९७३ मध्ये आपल्या भूमीवरून नागरी विमानांच्या स्वनातीत उड्डाणांना बंदी घातली. न्यूयॉर्कच्या विमानतळाने तर कॉन्कॉर्डला उतरूच द्यायचे नाकारले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७७ च्या नोव्हेंबरात ते विमान न्यूयॉर्कला नियमित जाऊ लागले.

आपल्या कहाण्यांत आवडती राणी आणि नावडती राणी असते. कॉन्कॉर्डने दोन्ही भूमिका वठवल्या. एकूण बांधली गेली २० विमाने. त्यांतली प्रवासी सेवेत आली फक्त १४, सात ब्रिटिश एअरवेजकडे आणि सात एअर फ्रान्सकडे. इतक्या कमी संख्येमुळे त्याचा उपद्रव मर्यादित राहिला आणि अप्रूप टिकले. लंडनहून सकाळी साडेदहाला निघालेले विमान न्यूयॉर्कला तिथल्या घड्याळात साडेनऊच्या आतच पोहोचायचे, म्हणजे निघण्याआधी पोहोचायचे. पश्चिम लंडनच्या माणसांना ते ठरावीक वेळी डोक्यावरून जाताना दिसे. आवाजाने बोलणे थांबायचे, तक्रारीही व्हायच्या, तरी मान वर जायची. पांढरी, बगळ्यासारखी मान, उतरताना खाली वाकणारी चोच, त्रिकोणी पंख. जे पैसे आपले गेले ते निदान असे तरी दिसतात, हा भाव त्यात असावा.

२५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ एअर फ्रान्सचे कॉन्कॉर्ड पेटून कोसळले. धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या पट्टीने चाक फुटले होते. विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४ जण गेले. दुरुस्त्या होऊन २००१ च्या नोव्हेंबरात सेवा पुन्हा सुरू झाली, पण तोवर न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडले होते आणि प्रवासी आटले होते. १० एप्रिल २००३ रोजी दोन्ही कंपन्यांनी निवृत्ती जाहीर केली. मग एकाएकी सगळ्यांना ते हवेसे झाले. तिकिटांवर उड्या पडल्या आणि सुट्या भागांचे लिलाव झाले. नाकाच्या शंकूसाठी लाखो पौंडांची बोली लागली.

मुंबईच्या नावाची दोन विमाने

साठच्या दशकात जगातल्या मोठ्या विमान कंपन्यांनी कॉन्कॉर्डसाठी जागा राखून ठेवल्या होत्या. त्या यादीत पॅन अमेरिकन होती, जपानची, ऑस्ट्रेलियाची आणि जर्मनीची कंपनी होती आणि मुंबईत मुख्यालय असलेली एअर इंडियाही होती. १९६५ मध्ये एअर इंडियाने दोन विमानांसाठी हक्क राखला. पक्की खरेदी नव्हे, ‘विमान तयार झाले की आम्हाला आमच्या पाळीने द्या’ एवढाच हा करार.

आजच्या वाचकाला हे धाडस वाटेल, पण त्या काळच्या एअर इंडियाच्या चालीला ते धरूनच होते. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पुस मॉथ या छोट्या विमानातून कराचीहून जुहूला टपाल आणले, तिथून ही कहाणी सुरू होते. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला गेले. १९५३ मध्ये कंपनी सरकारी झाली तरी टाटा अध्यक्षपदी राहिले. १९६० मध्ये पहिले बोइंग ७०७ आले आणि दोनच वर्षांत एअर इंडियाचा सगळा ताफा जेट विमानांचा झाला. असे करणारी ती जगातली पहिली कंपनी मानली जाते. जेटनंतरची पायरी स्वनातीत विमानाची, असे तेव्हा सगळेच धरून चालले होते. जे पॅरिसला मिळणार ते मुंबईला का नको, हा त्या करारामागचा स्वाभिमान आज समजण्यासारखा आहे.

१९७२ च्या जूनमध्ये कॉन्कॉर्डचा ब्रिटिश नमुना पूर्वेकडच्या देशांना दाखवण्यासाठी निघाला. जपान-ऑस्ट्रेलियाच्या त्या दौऱ्यात तो मुंबईतही उतरला. पण एवढ्यात वारा फिरला होता. १९७३ च्या जानेवारीत पॅन अमेरिकन आणि टीडब्ल्यूए या दोन बड्या अमेरिकी कंपन्यांनी आपले हक्क सोडले आणि बाकीच्यांची रांगच विस्कटली. एअर इंडियाचे नाव १९७५ मध्ये यादीतून गेले.

हे का झाले, याचे उत्तर नकाशा उघडला की मिळते. लंडन ते न्यूयॉर्क अंतर सुमारे साडेपाच हजार किलोमीटर, आणि मध्ये सगळा समुद्र. धमाका झाला तरी ऐकायला मासेच. मुंबई ते लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. प्रवासी आणि सामान घेऊन एका दमात जाणे कॉन्कॉर्डला अवघड. त्यातही अरबी समुद्र आखातापाशी संपतो आणि पुढे इराण, तुर्कस्तान, युरोप अशी वस्तीची जमीन. तिथून आवाजापेक्षा कमी वेगानेच जायचे, तर मग कॉन्कॉर्ड कशाला घ्यायचे? भारतानेही आपल्या भूमीवरून स्वनातीत उड्डाणाला मुभा दिली नाही. पुढे ब्रिटिश एअरवेज आणि सिंगापूर एअरलाइन्स यांनी बहरीनमार्गे लंडन-सिंगापूर कॉन्कॉर्ड चालवले, तेव्हा ते द्वीपकल्पाला वळसा घालून समुद्रावरून जात असे. १९७७ च्या डिसेंबरात तीन फेऱ्यांनंतर मलेशियाच्या हरकतीमुळे ते थांबले, १९७९ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १९८० मध्ये कायमचे बंद पडले. आपल्या आकाशाशी कॉन्कॉर्डचा संबंध एवढाच, किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या पाहुण्याचा.

तात्पुरते म्हणून आलेले विमान

बोइंग ७४७ ने पहिले उड्डाण केले ९ फेब्रुवारी १९६९ रोजी, अमेरिकेत. कॉन्कॉर्डने पहिले उड्डाण केले २ मार्च १९६९ रोजी, फ्रान्समधल्या तुलूझला. मध्ये तीन आठवड्यांचे अंतर. एकाच हिवाळ्यातली ही दोन भावंडे. त्यांच्याबद्दलचे भाकीत मात्र नेमके उलटे ठरले.

त्या वेळी बोइंगची खरी आशा होती ती तिच्या स्वतःच्या स्वनातीत विमानावर. ७४७ चे काम पाहणारे अभियंते जो सटर यांच्याकडे दुय्यम मानलेला प्रकल्प आला होता. थोड्याच वर्षांत माणसे स्वनातीत विमानांनी फिरतील आणि ७४७ ला माल वाहावा लागेल, असा हिशेब होता. म्हणून त्याचे नाक उघडून पेट्या सरळ आत ढकलता याव्यात अशी सोय हवी होती आणि त्यासाठी वैमानिकांची खोली वरच्या मजल्यावर नेली. जंबोला जे प्रसिद्ध कुबड आले ते या हिशेबातून. पुढे १९७१ च्या मार्चमध्ये अमेरिकी संसदेने स्वनातीत विमानाचा निधीच बंद केला. ‘तात्पुरते’ विमान उरले आणि अर्धशतक टिकले. शेवटचे ७४७ ३१ जानेवारी २०२३ रोजी ग्राहकाला सुपूर्द झाले, तेव्हा एकूण संख्या १,५७४ झाली होती.

एअर इंडियाचे पहिले जंबो ‘एम्परर अशोक’ १९७१ च्या एप्रिलमध्ये मुंबईत आले. ७०७ मध्ये दीडशेच्या आसपास माणसे मावत. यात साडेतीनशेच्या आसपास. खिडक्यांभोवती लाल रंगात राजवाड्याचे झरोके रंगवले होते, वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गासाठी बैठक होती आणि जाहिरातीत त्याला ‘आकाशातला महाल’ म्हटले होते. पुढच्या जंबोंना शहाजहान, राजेंद्र चोल, विक्रमादित्य, अकबर, चंद्रगुप्त, कनिष्क अशी सम्राटांची नावे मिळाली. १९८८ मध्ये आलेल्या दोन विमानांपैकी एकाचे नाव ‘शिवाजी’ होते. नव्वदच्या दशकातल्या नव्या पिढीला वास्तूंची आणि स्थळांची नावे दिली. कोणार्क, तंजावर, खजुराहो, आग्रा, वेल्हा गोवा आणि आपले ‘अजिंठा’.

एकाच तेलाची दोन टोके

कॉन्कॉर्ड का संपले आणि आपल्याकडे जंबो का रुजले, या दोन प्रश्नांचे उत्तर एकाच घटनेत सापडते, आणि त्याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. ती घटना म्हणजे ऑक्टोबर १९७३ चे अरब-इस्रायल युद्ध आणि त्यानंतरची तेलाची भाववाढ. पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेले खनिज तेल काही महिन्यांत बारा डॉलरच्या आसपास गेले.

कॉन्कॉर्ड तासाला सुमारे २५ हजार लिटर इंधन पिई आणि शंभर माणसे नेई. जंबो त्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक इंधनात तिप्पट-साडेतिप्पट माणसे नेई. तेल स्वस्त होते तोवर हा फरक सोसता येण्याजोगा होता. ते चौपट महागले आणि कॉन्कॉर्डचे गिऱ्हाईक संपले. ज्यांनी बांधले त्या दोन देशांच्या कंपन्यांखेरीज कुणी ते विकत घेतले नाही.

हाच पैसा दुसऱ्या टोकाला आखातात जमा होत होता. दुबई, अबूधाबी, कुवेत, दोहा, सौदी अरेबिया येथे रस्ते, बंदरे, इस्पितळे, रिफायनऱ्या उभ्या राहू लागल्या आणि त्यांना हात हवे होते. केरळचे आखाती स्थलांतर सर्वांना माहीत आहे. मराठी वाचकाने त्यात कोकणही धरावे. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांच्या खाडीकाठच्या गावांतून, विशेषतः कोकणी मुसलमान कुटुंबांतून, पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर जाणारे लोक होते. ते आता गवंडी, सुतार, वेल्डर, फिटर, चालक म्हणून विमानाने आखातात जाऊ लागले. मुंबईच्या विमानतळावर तोवर सुटाबुटातला प्रवासी दिसे. आता दोरीने आवळलेली पेटी, पेटीवर रंगाने लिहिलेले नाव-गाव आणि हातात एजंटने दिलेले पाकीट घेऊन रांगेत उभा असलेला तरुण दिसू लागला.

म्हणजे ज्या भाववाढीने श्रीमंतांचे वेगवान विमान बंदरावरच अडवले, त्याच भाववाढीने गरिबाला विमानाचे तिकीट काढायला लावले. एअर इंडियाने कॉन्कॉर्डचा हक्क सोडला त्या सुमारास तिच्या प्रवाशाची ओळखच बदलत होती. त्याला तीन तास वाचवायचे नव्हते, त्याला तीन वर्षे तिकडे राहायचे होते. वेगाचे त्याला काय?

आमच्या भागात ही लाट उशिरा आणि वेगळ्या वाटेने आली. आजच्या राहाता तालुक्यातल्या लोणीला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आशियातला हा पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जातो. उसाच्या पैशातून पुढे शाळा आणि महाविद्यालये आली, ऐंशीच्या दशकात अभियांत्रिकी महाविद्यालय आले. त्या शिक्षणावर आखातात, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात गेलेली मुले आज गल्लोगल्ली सापडतात. वाट वेगळी, पण दार एकच. १९८१ पासून सुरू झालेले सहारचे आंतरराष्ट्रीय टर्मिनल.

एकाला सोडायला वीस

सहारची ती संध्याकाळ ज्या घरांनी अनुभवली, त्यांना ती सांगावी लागत नाही. जाणारा एक, सोडायला आलेले वीस. जीप किंवा मेटॅडोर ठरवून रात्रीचा प्रवास. थर्मासमध्ये चहा, डब्यात पोळी-भाजी आणि जाणाऱ्याच्या पिशवीत लोणचे, मेतकूट, बेसनाचे लाडू, अंगारा. कपाळाला कुंकू, हातावर दही, गळ्यात हार. दारावरचा शिपाई तिकीट असलेल्यालाच आत सोडी, आणि मग बाकीचे काचेला नाक लावून उभे राहत. विमान सुटायला अजून तीन तास असत. ती माणसे तरी हलत नसत. विमान उडाल्याचे कुणी सांगितले की मगच गाडी परत फिरे. अंधारात वर जाणारा दिवा आपल्याच विमानाचा, असे प्रत्येक जण धरून चाले.

येणाऱ्याची रात्र वेगळी. तो टू-इन-वन, ब्लँकेट, अत्तराची बाटली, मुलांसाठी इलेक्ट्रॉनिक घड्याळ घेऊन येई. दोन-तीन वर्षांत मूल बापाला विसरलेले असे. विमान उशिरा येई, कस्टमला वेळ लागे आणि बाहेर उभी असलेली बायको दर वेळी दार सरकले की पाऊल पुढे टाकी.

कॉन्कॉर्डवरचे प्रेम पाहणाऱ्यांचे होते. त्यात सौंदर्याचा आनंद होता, राष्ट्राभिमान होता आणि एक मोकळेपणाही होता, कारण विमानात आपले कुणी नव्हते. जंबोवरचे प्रेम वाट पाहणाऱ्यांचे. त्यात विमानाकडे कुणी नीट पाहिलेदेखील नसेल. लक्ष असे ते दाराकडे.

या प्रेमात भीती मिसळलेली होती, आणि ती निराधार नव्हती. १ जानेवारी १९७८ च्या रात्री ‘एम्परर अशोक’ दुबईसाठी उडाले आणि काही मिनिटांत वांद्र्याच्या किनाऱ्यापुढे समुद्रात कोसळले. विमानाचा कल दाखवणारे एक उपकरण चुकले आणि अंधारात समुद्र व आकाश यांची सीमा दिसत नव्हती. २१३ जण गेले, एकही वाचला नाही. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ बॉम्बस्फोटाने फुटले आणि ३२९ जण गेले. पॅरिसच्या एका अपघाताने कॉन्कॉर्डची मोहिनी भंगली, असे म्हणतात. आपल्याकडे दोन मोठ्या आघातांनंतरही माणसे जंबोतच बसली, कारण पोटासाठी जाणाऱ्याला मोहिनी भंगण्याची चैन परवडत नाही. त्या विमानांची नावे मात्र घरात जपून उच्चारली जात.

त्या विमानाने माणसे परतही आणली. करोनाची साथ सुरू होताना, १ आणि २ फेब्रुवारी २०२० रोजी एअर इंडियाची दोन जंबो विमाने चीनमधल्या वुहानहून ६४७ भारतीयांना आणि मालदीवच्या ७ नागरिकांना घेऊन दिल्लीला उतरली. तेव्हा त्या विमानांचे वय झाले होते, नियमित मार्गांवरून ती जवळपास उतरली होती. अडचणीच्या वेळी घरातल्या म्हाताऱ्या माणसालाच उठवावे, तसे झाले. २०२१ मध्ये त्यांची प्रवासी सेवा संपली. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी पुन्हा टाटांकडे आली आणि नव्या मालकाच्या ताफ्यात चार इंजिनांच्या विमानाला जागा नव्हती.

निरोपानंतर काय उरते

मुंबईत आठ महिन्यांत तीन निरोप झाले. १५ सप्टेंबर २०२३ रोजी बेस्टची शेवटची डिझेलवरची दुमजली बस फुलांनी सजून अंधेरीत धावली. त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. आणि एप्रिलमध्ये जंबो गेले. यंत्राला घरचे माणूस मानण्याची आपली खोड जुनीच. १९३० मध्ये सुरू झालेल्या दख्खनच्या राणीचा वाढदिवस प्रवासी दर १ जूनला पुणे स्टेशनात केक कापून करतात आणि एसटीला आपण लालपरी म्हणतो.

पण हळहळ आणि जतन यांत अंतर असते. बांधलेल्या २० कॉन्कॉर्डपैकी १८ आज शिल्लक आहेत. ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका, जर्मनी आणि बार्बाडोस येथे ती पाहता येतात. पाहणाऱ्यांनी आपले प्रेम असे निभावले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. आपण काय केले? १९७१ च्या युद्धात नाव कमावलेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. काही वर्षे ती मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून लोकांना पाहता आली. मग देखभालीचा खर्च, मग न्यायालय, आणि २०१४ मध्ये भंगार. तिच्या लोखंडाचा काही अंश पुढे एका मोटारसायकलीत गेला आणि तेवढ्यासाठी लोकांनी ती हौसेने विकत घेतली. जंबोबाबतही तेच झाले. नातवाला हात धरून नेऊन ‘यातून मी गेलो होतो’ असे सांगावे, असे एकही जंबो आज मुंबईत उभे नाही. नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारतसुद्धा राज्य सरकारने १,६०१ कोटी रुपयांना घ्यायचे ठरवले. तिथे आता कचेऱ्या बसतील.

विमान ठेवायला जागा लागते, पैसा लागतो, हे मान्य. मात्र वाट पाहणाऱ्यांच्या इतिहासासाठी विमान लागतेच असे नाही. तो इतिहास घराघरांत आहे, आणि त्याला ना हँगर हवे ना सरकारी मंजुरी. कॉन्कॉर्डच्या प्रवाशांना चामड्याच्या आवरणातले प्रशस्तिपत्र मिळे. ते आज लिलावात विकले जाते. आपल्याकडच्या प्रवाशाजवळ बोर्डिंग पासचा अर्धा तुकडा असतो, जुन्या पारपत्रावरचा शिक्का असतो, पेटीला चिकटवलेली महाराजाची चिठ्ठी असते, निळ्या आंतरदेशीय पत्रासारखे दिसणारे हवाई टपाल असते आणि सहारच्या दारात सगळ्या कुटुंबाने काढलेला एक फोटो असतो. माळा झाडताना हे सगळे आधी रद्दीत जाते.

शिर्डीजवळ काकडीला १ ऑक्टोबर २०१७ पासून विमानतळ आहे. आता इथली मुले विमान पाहायला मान वर करत नाहीत, इतके ते रोजचे झाले. आखातात किंवा अमेरिकेत पहिल्यांदा गेलेली पिढी मात्र आज सत्तरीच्या पुढे आहे. यंदाच्या दिवाळीत घर आवरताना असा एखादा कागद हाती लागला, तर त्याच्या मागे पेन्सिलीने चार गोष्टी लिहून ठेवाव्यात, एवढीच वाचकांना विनंती. कोण गेले, कोणत्या गावाहून, कोणत्या तारखेला आणि सोडायला कोण कोण आले होते.